पीआयसीयूत (लहान मुलांच्या आयसीयूत) वायरलेस सोनोग्राफी प्रोब, लंगसाठी घ्यावा का?

आमच्याकडे दोन टोकांचा वायरलेस प्रोब आलाय, एका बाजूला लिनिअर (सपाट, वरवरचं बारीक दाखवणारं), दुसऱ्या बाजूला कर्व्ह (गोलसर, खोलवरचं दाखवणारं), चित्र टॅबवर दिसतं. बरेच जण विचारतायत म्हणून लिहितेय. कंपनीचं नाव टाकत नाही कारण तक्रारी पण आहेत.

लंगसाठी लिनिअर टोकावर पैसे वसूल. पोरांची छाती पातळ, डेप्थ ३-४ सेंमीवर आणली की प्लुराची (फुफ्फुसावरच्या पातळ आवरणाची) चकचकीत रेघ श्वासाबरोबर सरकताना स्पष्ट दिसते. परवा नाईटला व्हेंटिलेटरवरच्या एका पोराचं सॅच्युरेशन धाडकन पडलं, डावीकडे एअर एंट्री (हवा आत जाण्याचा आवाज) नाही, एक्स-रेवाला खाली कॅज्युअल्टीत अडकलेला. प्रोब लावला तर डावीकडे स्लायडिंग (प्लुराचं ते सरकणं) नाही पण प्लुरा हार्टबीटबरोबर थरथरतोय, म्हणजे लंग पल्स आहे, म्हणजे तिथे न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर साचलेली हवा) नाही, श्वासाची ट्यूब उजव्या ब्रॉंकसमध्ये (उजव्या फुफ्फुसाच्या नळीत) सरकलीय. ट्यूब जरा मागे घेतली, स्लायडिंग परत आलं. सिस्टरांनी आयसीडीचा (छातीतली हवा काढायच्या नळीचा) ट्रे उघडायला घेतला होता तो तसाच बंद केला 😅

पावसाळ्यात डेंग्यूच्या पोरांना तर रोजच लागतो. उजवीकडे पाणी साचायला लागलंय का, बी लाइन्स (प्लुरापासून खाली उतरणाऱ्या उभ्या पांढऱ्या रेघा, फुफ्फुस ओलं झाल्याची खूण) वाढतायत का हे बघून फ्लुइड द्यायचं की हात आखडता घ्यायचा ते ठरवायला मदत होते, आणि दिवसातून कितीही वेळा बघा, रेडिएशन शून्य.

आता तक्रारी. सलग स्कॅन केलं की प्रोब तापतो आणि स्वतःच बंद पडतो, नेमका घाईच्या वेळी. बी लाइन्स आपोआप मोजणारं फीचर आहे त्याच्या नादी लागू नका, ब्रॉंकियोलायटिसमध्ये (बारीक श्वासनळ्यांची सूज), एआरडीएसमध्ये (फुफ्फुसांना गंभीर इजा), पल्मोनरी एडिमात (फुफ्फुसात पाणी), सगळीकडे बी लाइन्स येतात, प्लुरा गुळगुळीत आहे की खडबडीत आणि पॅचेस कुठे आहेत हे डोळ्यानीच बघावं लागतं. टोकाजवळच्या खाचेत जेल वाळून बसतं, एका पोराकडून दुसऱ्याकडे इन्फेक्शन न्यायला तेवढं पुरे, आणि कंपनी म्हणते स्पिरिट लावू नका, त्यांचेच वाइप्स घ्या.

सेल्सवाले बीएलयूई प्रोटोकॉलचा (धाप लागलेल्या पेशंटचं निदान लंग सोनोग्राफीने करायची ठरलेली पद्धत) ९०.५ टक्के अचूक निदानाचा आकडा तोंडावर फेकतात. तो लिख्टेनस्टाइन यांचा २००८ चा अभ्यास, मोठ्या माणसांवरचा, २६० पेशंटचा. पोरांना तो जसाच्या तसा लावायचा नसतो. अस्थमात किंवा क्रूपमध्ये (स्वरयंत्राजवळची सूज) पोर धापा टाकत असतं आणि लंग स्क्रीनवर एकदम नॉर्मल, ए लाइन्स (हवा भरलेल्या फुफ्फुसाच्या आडव्या रेघा), छान स्लायडिंग. प्लुरापर्यंत न पोचलेला आतला पॅच दिसतच नाही. सर्जिकल एम्फिसिमा (कातडीखाली हवा) असेल तर प्रोब खाली ठेवा, काही दिसणार नाही.

अजून एक, पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा. प्रोब खिशात मावतो म्हणून तो स्टेथोस्कोप होत नाही, कायद्याच्या लेखी ते सोनोग्राफी मशीनच. आधी रजिस्ट्रेशन मग खरेदी, आणि दुसऱ्या हॉस्पिटलला कॉलवर जाताना बॅगेत टाकून न्यायचा विचारसुद्धा करू नका. आमचं कागदपत्रांतच इतकं रखडलं की प्रोब येईपर्यंत डेंग्यूचा सीझन निम्मा सरला.

डेमोला माणूस आला की तो स्वतःच्या मानेतली कॅरॉटिड दाखवतो, ती कुठल्याही मशीनवर छानच दिसते. त्याला सलग वीस मिनिटं छातीवर स्कॅन करायला लावा, मग भावाचं बोला.