'ॲनाटॉमी ऑफ अ फॉल': काही महिन्यांनी, इअरफोन लावून

'ॲनाटॉमी ऑफ अ फॉल' हा सिनेमा ॲपवर भाड्याने घेतला होता; त्या भाड्याचे पैसे परत मिळणार नाहीत असं कस्टमर केअरने परवा शेवटचं कळवलं, म्हणून लिहायला बसलो. तक्रार सिनेमाबद्दल नाही. ज्या ॲपवरून घेतला तिथे सबटायटल फक्त फ्रेंच संवादांना होती. नवरा-बायकोचं ते मोठं भांडण इंग्रजीत आहे आणि नेमकी तिथेच खालची पट्टी रिकामी. बाई जर्मन, नवरा फ्रेंच, दोघंही परक्या भाषेत एकमेकांच्या अंगावर जातात. टीव्हीच्या स्पीकरवर निम्मं कळलंच नाही. प्रत्येक मेलला एकच उत्तर: ॲप काढून पुन्हा टाका. तोवर 48 तासांची मुदत संपली. तुम्ही घेणार असाल तर सुरुवातीची मुलाखत बघा, तीही इंग्रजीत आहे. तिथे पट्टी नसेल तर पुढेही नसणार, लगेच तक्रार करा.

कथा माहीत असेलच. फ्रान्समधल्या ग्रेनोबलजवळच्या डोंगरातलं घर, खाली बर्फात मरून पडलेला नवरा सॅम्युएल, लेखिका बायको सँड्रावर खटला, आणि दृष्टी अधू असलेला त्यांचा 11 वर्षांचा मुलगा डॅनिएल. 2023 साली कान चित्रपट महोत्सवात पाम द'ऑर हा तिथला सर्वोच्च पुरस्कार, पुढच्या वर्षी मूळ पटकथेचं ऑस्कर. पहिल्यांदा पाहून मात्र मी चिडलो. अडीच तास बसवून घेतात, बाई निर्दोष सुटते, आणि त्याने उडी मारली की त्याला ढकललं हे सांगतच नाहीत. पैसे मोजणाऱ्याला उत्तर मिळायला हवं, असं माझं ठाम म्हणणं होतं.

मत बदललं ते आवाजामुळे. पुन्हा भाडं भरलं, या वेळी लॅपटॉपवर, फोनबरोबर आलेले जुने वायरवाले इअरफोन लावून. एक माझ्या कानात, एक हिच्या.

सँड्राची मुलाखत चालू असतानाच वरच्या मजल्यावर गाणं सुरू होतं. रॅपर फिफ्टी सेंटच्या 'पी.आय.एम.पी.' या गाण्याची स्टील ड्रमवर वाजवलेली धून, शब्द नाहीत, संपली की पुन्हा पहिल्यापासून. टीव्हीवर ती नुसती कटकट वाटते. कानात ऐकलं की तिचा दाब जाणवतो: बोलणं अशक्य होतं, मुलाखत घेणारी निघून जाते. नवऱ्याने ते मुद्दाम केलं का, यावर पुढे कोर्टात खल होतो. डॅनिएल सांगतो की आईबाबा शांतपणे बोलत होते; मग त्याच घरात तीच धून लावून तपासतात, तेव्हा तेवढ्या गोंगाटात शांत बोलणं बाहेर पोचतच नाही. पोराची जबानी तिथे डळमळते. म्हणजे पुरावाच आवाजाचा आहे.

भांडणाचा प्रसंग तर याच्यावरच उभा आहे. सॅम्युएलने आदल्या दिवशी चोरून केलेलं रेकॉर्डिंग कोर्टात लावतात, पडद्यावर दोघं स्वयंपाकघरात दिसतात, आणि हातघाईवर येतात त्या क्षणी चित्र थेट कोर्टात परत येतं. पुढे फक्त ऐकायचं: काच फुटते, फटके बसतात. ही म्हणाली, "अहो, पुढे गेलं वाटतं, मागे घ्या." मागे घेतलं, तरी तेच. फटके कोणाला बसले, हे सरकारी वकील एक सांगतो, सँड्रा दुसरं. दिग्दर्शिका जस्टिन त्रिए आपल्याला ज्युरींएवढंच देते, कणभर जास्त नाही. सँड्राचं काम करणाऱ्या सँड्रा ह्युलरचा आवाज तिथे जो चढतो, त्यासाठी मी तिसऱ्यांदाही पैसे भरीन.

शेवटच्या साक्षीत डॅनिएल गाडीतली आठवण सांगतो: बाबा कुत्र्याच्या मरणाबद्दल बोलत होते, पण ते स्वतःबद्दलच होतं असं त्याला आता वाटतं. ओठ हलतात सॅम्युएलचे, आवाज मात्र डॅनिएलचा. हिच्या मते इथेच कळतं की पोराने आईला वाचवायला ते रचलं. मला नाही पटत. बाबांनी आधी ॲस्पिरिन खाऊन जीव द्यायला पाहिलं होतं, हे आईचं म्हणणं खरं की खोटं ते बघायला लाडक्या कुत्र्याला ॲस्पिरिन चारून बघणारा मुलगा असं सहज रचणार नाही. (तो प्रसंग बघताना दोघांच्याही पोटात कालवलं. मेसी नावाच्या त्या कुत्र्याला कान महोत्सवात 'पाम डॉग' हे कुत्र्यांसाठीचं बक्षीस मिळालं, अगदी योग्य मिळालं.)

तरी घराजवळच्या शेडवरच्या रक्ताच्या शिंतोड्यांचा वाद आमच्या घरात मिटलेला नाही. कोर्टात एक तज्ज्ञ म्हणतो आधी डोक्यात घाव बसला, दुसरी म्हणते पडताना डोकं शेडवर आपटलं. मी दुसरीच्या बाजूने आहे, ही पहिल्याच्या.