नव्या मल्टिमीटरची एसी मोजणी: सरासरी की खरा आरएमएस?

हौशी मंडळींसाठी नवा डिजिटल मल्टिमीटर आखताना एसी मोजणीची पद्धत सर्किट काढण्याआधीच ठरवावी लागते. सरासरी पद्धतीत सिग्नल रेक्टिफाय करून (म्हणजे एकाच दिशेचा करून) आरएमएस, म्हणजे एसीचे परिणामकारक मूल्य, मिळवण्यासाठी त्याच्या सरासरीला १.११ ने गुणले जाते. हा गुणक फक्त साइन तरंगालाच लागू पडत असल्याने शून्याच्या वरखाली सारखाच जाणारा, ५ व्होल्ट शिखराचा चौरस तरंग तिथे ५.५५ दिसतो आणि नवशिका आपल्याच जोडणीत चूक शोधत बसतो. खऱ्या आरएमएसचा, म्हणजे तरंगाचा आकार कसाही असला तरी हे मूल्य थेट काढणारा, मीटर तिथे ५.०० दाखवतो. त्याची चिप महाग असते आणि फार टोकदार तरंगांपुढे त्यालाही क्रेस्ट फॅक्टरची (शिखर आणि आरएमएस यांच्या गुणोत्तराची) मर्यादा पडते, हे खरे. तरीही ज्यांचे तरंग बरेचदा साइन नसतात असे डिमर आणि इन्व्हर्टर हाताळणाऱ्यांसाठी मी तोच निवडेन. खर्च कमी करायचाच असेल तर बॅकलाइट गाळावा, इनपुटचा फ्यूज मात्र दर्जेदारच ठेवावा.