मागचं सस्पेन्शन ‘नवं’ केलं आणि गाडी हायवेवर डोलायला लागली

मागच्या सस्पेन्शनचं काम करून घेतल्यावर गाडी आधीपेक्षा वाईट चालत असेल, तर कृपा करून लगेच दुसरं काही बदलायला जाऊ नका. आधी जे काम झालंय तेच तपासून घ्या. आमच्या बाबतीत गॅरेजवाल्याने स्वतःचं काम झाकण्यासाठी गाडीत एकेक नवा दोष काढला आणि प्रत्येक दोषाचे पैसे आमच्याकडून घेतले. तसं कुणाचं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गाडी २००९ची इनोव्हा, डिझेल. वडिलांना कराडला नेणं-आणणं हिच्यातूनच. स्पीडब्रेकरवर मागून खडखड यायला लागली म्हणून पुण्यातल्या एका गॅरेजला दाखवली. त्याने खाली टॉर्च मारला आणि सांगितलं, “दोन्ही शॉकअप गेलेत साहेब. आर्मचे आणि लॅटरल रॉडचे सगळे बुश फाटलेत. मागचं पूर्ण उतरवायला लागेल.” शॉकअप म्हणजे धक्के शोषणारे शॉक अॅब्सॉर्बर, आणि बुश म्हणजे आर्म-रॉडच्या सांध्यांत बसणारे रबरी तुकडे. एवढ्या वर्षांच्या गाडीला हे पटण्यासारखंच होतं. सगळे पार्ट ओरिजिनल टाकायचे ठरले आणि बिल ३०,००० रुपयांच्या घरात गेलं. बिल म्हणजे ‘एस्टिमेट’ असं छापलेला कागद. त्यावर ना जीएसटी नंबर, ना पार्ट नंबर.

गाडी ताब्यात आली तेव्हा खडखड कमी झाली होती, पण चाल बिघडली होती. ८०च्या पुढे गेलं की मागची बाजू डाव्या-उजव्या अंगाला झुलायची. शेजारून ट्रक गेला की मागून कुणीतरी ढकलल्यासारखं व्हायचं. सगळ्यात वाईट म्हणजे वळणावर स्टीअरिंग फिरवलं की पुढचा भाग लगेच वळायचा आणि मागचा क्षणभर उशिराने येऊन बसायचा. खंबाटकी घाट चढताना वडील मागच्या सीटवर होते. एका वळणावर त्यांनी दाराचं हँडल घट्ट धरलं आणि म्हणाले, “अरे, गाडी सांभाळ.” गाडी अगदी सावकाश चालली होती.

गॅरेजवाल्याचं पहिलं उत्तर होतं, “नवीन बुश आहेत, पाचशे किलोमीटर चालवा, बसतील.” ते काही बसले नाहीत. मग टायर झिजलेत म्हणाला. मागचे दोन टायर नवे घातले. मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन मशीनवर मोजून जुळवणं. त्याच्याच ओळखीच्या दुकानात गाडी लावली आणि बिलात एक ओळ आली, ‘मागच्या चाकांचा कॅम्बर सेटिंग’. शेवटी त्याने स्टीअरिंग रॅक बदलायचा विषय काढला, तिथे आम्ही थांबलो.

त्या कॅम्बरच्या ओळीवर थोडं बोलायलाच हवं, कारण खोटं तिथे उघडं पडतं. कॅम्बर म्हणजे चाकाचा आत किंवा बाहेर असलेला कल. या इनोव्हाला मागे सलग एकसंध हौसिंग, म्हणजे अखंड अॅक्सल आहे. दोन्ही चाकं त्याच्या दोन टोकांना. हौसिंग गाडीला धरून ठेवतात चार आर्म, दोन खालचे आणि दोन वरचे, आणि ते आडवं सरकू नये म्हणून एक लॅटरल रॉड. यात मागचा कॅम्बर कमी-जास्त करायला स्क्रूच नाही. मशीन मागच्या चाकांचं रीडिंग दाखवतं, ते उपयोगाचंही असतं, कारण ते चुकलं तर हौसिंग वाकलंय किंवा बुश गेलेत एवढं कळतं. पण ‘सेट’ करण्यासारखं तिथे काही नसतं. आपल्या गाडीला मागे कुठल्या प्रकारचं सस्पेन्शन आहे एवढं माहीत असलं, तरी अशी बिलं जागच्या जागी नाकारता येतात.

नात्यातल्या एकाने वाईच्या एका जुन्या मिस्त्रींकडे पाठवलं. त्यांनी पाना हातात घेण्याआधी टायरची हवा मोजली. मग गाडी सपाट फरशीवर उभी करून दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने घेतलं. डावी-उजवीत फरक निघाला. नंतर दोघांना मागची बॉडी आडवी हलवायला सांगून स्वतः खाली झोपले आणि मलाही बोलावलं. लॅटरल रॉडचं हौसिंगकडचं टोक बुशमध्ये सरळ सरळ खेळत होतं. रबर फाटून सळीपासून सुटलेलं. हाच बुश बिलात ‘नवीन’ म्हणून दाखवला होता.

वरच्या आर्मचे बोल्ट त्यांनी टॉर्चने दाखवले. डोक्यावर आणि आट्यांमध्ये जुना गंज आणि वाळलेला चिखल जसाच्या तसा. पाना लागला असता तर तो थर तुटला असता. बुश बदलायचा तर आर्म उतरवून प्रेसवर न्यावा लागतो. म्हणजे बिलात दहा बुश होते, प्रत्यक्षात फक्त खालच्या आर्मचे चार बदललेले.

आणि त्या चारांचं कामही चुकीचं. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असतानाच बोल्ट पूर्ण आवळलेले. या बुशचं रबर आतल्या-बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटलेलं असतं, ते फिरत नाही, फक्त पिळलं जातं. लोंबत्या अवस्थेत आवळलं की गाडी खाली टेकल्यावर रबर पिळलेल्या फडक्यासारखं कायम ताणात राहतं. गाडी थोडी उचललेली राहते, कधी एका बाजूला जास्त, आणि बुश लवकर फाटतात. म्हणून बोल्ट आधी हलके लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-चारदा दाबून हलवायची आणि मगच पूर्ण आवळायचे. कंपन्यांच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये हेच लिहिलेलं असतं. मिस्त्रींनी गाडी जमिनीवर असतानाच बोल्ट ढिले केले, तेव्हा डाव्या बाजूला ‘कट्’ असा आवाज आला आणि ती बाजू डोळ्यांदेखत खाली बसली.

राहिले शॉकअप. काढून हाताने दाबले तर अर्ध्या वाटेत दांडा मोकळाच जायचा, काही विरोधच नाही. गॅस भरलेला चांगला शॉकअप दाबून सोडला की सावकाश आपोआप वर येतो. हे दाबले तिथेच राहिले. मिस्त्रींनी नळीच्या बुडाशी काळा रंग खरवडला. खाली वेल्डिंगचा छोटा गोळा होता. जुना शॉकअप भोक पाडून तेलाने भरायचा, भोक बुजवायचं, रंग मारायचा आणि नव्या खोक्यात घालून विकायचा. आमच्याकडून ओरिजिनल जोडीचे पैसे घेतले आणि हे लावले. मागचं चाक रस्त्याला धरून ठेवणारी वस्तू आहे ही. घरची माणसं बसतात त्या गाडीत असं करणाऱ्याचा मला आजही संताप येतो.

पुढचं थोडक्यात. वाईत बुश आणि शॉकअप नव्याने टाकले, पार्ट मी स्वतः पुण्यात नाना पेठेतून पक्क्या बिलावर आणले होते. गाडी सरळ झाली. गॅरेजवाल्याला फोटो दाखवले तर “सप्लायरने आम्हालाच फसवलं” म्हणाला, शॉकअपचे पैसे परत द्यायला तयार झाला, बाकीच्यावर हात वर केले. वरच्या आर्मचे बोल्ट सप्लायर आवळत नाही, हे त्याला तोंडावर सांगितलं.

आता ग्राहक आयोगात तक्रार करतोय. जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि आधी विचारायचं असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. कच्च्या बिलामुळे आमचं काम अवघड झालंय, यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं यांवर भिस्त आहे. तुमचं काम अजून व्हायचं असेल तर जुन्या शॉकअपवर आणि आर्मवर आधीच नेलपॉलिशची खूण करून फोटो काढा, बिलात पार्ट नंबर लिहून घ्या, आणि काढलेले सगळे जुने भाग आणि नव्या पार्टची खोकी घरी आणा. देत नसेल तर पैसे देण्याआधी गाडी रॅम्पवर घेऊन बोल्ट बघा.