वसतिगृहाच्या खोलीत स्वतःचा राऊटर : दहा महिन्यांच्या वापरानंतर

जुलै ते एप्रिल. सोलापुरातल्या वसतिगृहाची तिघांची खोली, भिंतीत एकच लॅन पॉइंट (नेटच्या केबलची खाच), त्यावर एसी१२०० प्रकारचा ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही पट्ट्यांवर चालणारा, राऊटर. तीन लॅपटॉप, तीन फोन, एक प्रिंटर एवढं तो आरामात पेलतो. पण लावण्याआधी रेक्टरांची परवानगी हवीच. अर्जात मॅक पत्ता (यंत्राचा ओळख क्रमांक) लिहिताना राऊटरच्या सेटिंगमधल्या स्टेटस पानावरचा वॅनचा, म्हणजे बाहेरून नेट येतं त्या बाजूचा, पत्ता घ्या. पुष्कळ राऊटरांवर स्टिकरचा पत्ता लॅनचा, म्हणजे खोलीतल्या बाजूचा, असतो, तो नोंदवला तर नेट सुरूच होत नाही.

सगळ्यात जपायचं ते हे : भिंतीतली केबल वॅन पोर्टमध्येच जायला हवी. चुकून लॅन पोर्टमध्ये गेली, तर आपला राऊटर मजल्यावरच्या इतरांनाही आयपी पत्ते (नेटवर्कवरचे क्रमांक) वाटू लागतो. शेजारच्या लॅपटॉपवर ‘कनेक्टेड’ दिसतं, नेट मात्र बंद, आणि कारण कुणालाच उमगत नाही. खोली आवरताना केबल काढून परत लावली की हे हमखास घडतं. म्हणून वॅन पोर्टच्या केबलला रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा.

वसतिगृहाच्या नेटचं लॉगिनचं पान उघडत नसेल तर आधी राऊटरमधलं डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बघा. तिथे ८.८.८.८ घातलेलं असेल तर काही ठिकाणी ते पान सापडतच नाही, ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा. वसतिगृहाचं नेटवर्कही १९२.१६८.०.x किंवा १.x वर असेल तर राऊटरचा लॅन पत्ता १९२.१६८.५०.१ करा, नाहीतर दोन्ही एकमेकांत अडकतात. वसतिगृहाचा आणि आपला असे दोन राऊटर एकामागे एक पत्ते बदलतात (डबल नॅट), त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून थेट आपल्या यंत्राशी जोडणं, चालत नाही. ऑनलाइन तासांना काही अडत नाही.

वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चॅनेल १, ६ किंवा ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ४० ठेवलीत तर स्वतःचा वेग फारसा वाढत नाही, शेजाऱ्यांचा मात्र पडतो. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर घ्या आणि ट्रान्समिट पॉवर ‘लो’ करा, एका खोलीला तेवढी पुष्कळ होते. डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंदच हवं.

खरी परीक्षा एप्रिलमध्ये. घरगुती राऊटर साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि सोलापूरचा उन्हाळा त्याच्या वर जातो. लोखंडी कपाटात ठेवलात तर सिग्नलही अडतो आणि उष्णताही कोंडते, मग दुपारी तो आपोआप बंद-चालू होत राहतो. पश्चिमेची खिडकी टाळून, पंख्याचा वारा लागेल अशा भिंतीवर जाळीची बाजू मोकळी ठेवून टांगा. आठवड्याला कोरड्या ब्रशने धूळ झाडा.

१२ व्होल्टचा मिनी यूपीएस लाईट गेल्यावर राऊटर दोन-तीन तास चालवतो, पण मजल्यावरच्या खोल्यांना नेट वाटणारा नेटवर्क स्विच बंद पडला तर नेट येणार कुठून? विकत घेण्याआधी लाईट गेली असताना त्या स्विचचे दिवे चालू राहतात का, ते एकदा पाहून या.