घरच्या कॉकटेल ड्रमला रेमो पिनस्ट्राइप: खालून उत्तम, वरून नको

कॉकटेल ड्रममध्ये, म्हणजे उभ्याने वाजवायच्या उंच ड्रममध्ये, पेडलचा बीटर (ठोका देणारा दांडा) खालून वर आदळतो, म्हणजे तळाचे हेडच (ताणलेला पडदा) बेस ड्रमचे काम करते. १६ इंची फ्लोअर टॉम उंच पायांवर चढवून घरी केलेल्या ड्रमचा आवाज इथेच फसतो: एकपदरी हेड घणघणत राहते. रेमो कंपनीच्या क्लिअर (पारदर्शक) पिनस्ट्राइप हेडला ७ मिलचे (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) दोन पदर आणि काठाशी डॅम्पिंग, म्हणजे घुमणे दाबणारी सोय, आहे. ठोका भरीव येतो, शेपूट आखूड होते. गोव्याच्या पावसात घुमट या वाद्याचे बकऱ्याचे कातडे सैल पडते, तसे हे मायलर (प्लॅस्टिकचा पातळ पडदा) पडत नाही. हेड ताणणारे रॉड मात्र गंजतात. बसवतानाच ग्रीस लावा.

त्याआधी शेलची (ड्रमच्या लाकडी पिंपाची) कड तपासा, हे टाळूच नका. शेल जाड काचेवर उपडे ठेवून आत टॉर्च लावा. उजेड झिरपला तर कड उंचसखल आहे. ओल धरलेल्या प्लायवूडचे हे नेहमीचे दुखणे. सपाट फळीवर १५० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून कड हलकेच घासा, शेवटी २२०. वाकड्या कडेवर कितीही महाग हेड सुरात राहत नाही.

रॉड समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा. सुरकुत्या गेल्या की फक्त पाव फेरा. जास्त ताणलात तर बेस गेलाच. आतून २ इंच रुंद फेल्टची पट्टी आडवी दाबली की वरच्या हेडखालच्या स्नेअर तारांची खरखरही कमी होते.

वरच्या बाजूला एकपदरी कोटेड (खरखरीत लेप दिलेले) हेडच हवे. गुळगुळीत क्लिअर हेडवर तारांच्या ब्रशचा आवाज उमटत नाही.