जुन्या पटाशीचा गंज: व्हिनेगर की चार्जर?

पुण्याच्या जुन्या बाजारातून पटाशी किंवा रंध्याचं पातं आणलं, मूठ काढली, तेल-मातीचा थर खरवडला, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. गंज कशाने काढायचा? पॉलिश पेपर घेऊन दिवसभर घासणारे आहेत, त्यांच्या चिकाटीला नमस्कार. ग्राइंडरला तारेचं चाक लावून आरसा करणाऱ्यांशी मात्र माझं जमत नाही, कारण त्यात कडा गोल होतात आणि पातं तापलं तर धारेचं पाणी उतरतं. उरतात दोन मार्ग: व्हिनेगरमध्ये भिजवणं, नाहीतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात गाडीच्या बॅटरीच्या बारा व्होल्टच्या चार्जरने वीज सोडणं. मी तीनेक वर्षं पहिल्यावर काढली, आता बहुतेक वेळा दुसरा वापरतो.

व्हिनेगरमध्ये शिकण्यासारखं काही नाही. पितळेच्या तांब्याला चिंच लावणाऱ्या घरात आंबटाचं काम समजावून सांगावं लागत नाही. प्लास्टिकचा डबा, वाणसामानाच्या दुकानातलं पांढरं व्हिनेगर आणि एक रात्र. सकाळी काळा राप पितळी ब्रशने निघून येतो, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून लगेच कोरडं करायचं. वास येतो, पण गॅलरीत डबा ठेवला तर घरचे फारसं बोलत नाहीत. (आमच्याकडे बोलले. लोणचं नासलं की काय, असं विचारून झालं.)

आणि व्हिनेगर एक गोष्ट अशी दाखवतं की तिच्यासाठी मी अजूनही अधूनमधून ते वापरतो. जुन्या इंग्रजी पात्यांमध्ये सगळं पातं पोलादाचं नसतं. बेंजामिन हंट्समनने 1740 च्या दशकात शेफिल्डजवळ मुशीत पोलाद वितळवायची रीत बसवली, पण ते पोलाद महाग पडायचं. म्हणून मऊ लोखंडाच्या पाठीवर त्याचा पातळसा थर भट्टीत तापवून, ठोकून जोडायचे. कुऱ्हाडीच्या तोंडाला आपला लोहार पोलाद लावतो, तोच हिशोब. व्हिनेगरमधून काढलेल्या पात्याची कड निरखून पाहिली तर लोखंड आणि पोलाद वेगवेगळ्या करड्या छटांत दिसतात आणि मधली सांध्याची रेघ स्पष्ट उमटते. अशा पात्यांवर बरेचदा ‘कास्ट स्टील’ असा ठसा असतो, म्हणजे हेच मुशीतलं पोलाद. तो वाचून ‘बिडाचं आहे, ठिसूळ असणार’ म्हणून बाजूला टाकणारे मी पाहिलेत. त्यांनी टाकलेली मी उचलतो.

पण व्हिनेगरला थांबायचं कळत नाही. गंज संपला की ते चांगल्या लोखंडाकडे वळतं. मला एक रुंद पटाशी मिळाली होती. मानेजवळ कुणीतरी ठिपक्या-ठिपक्यांनी दोन अक्षरं घातली होती, लग्नातल्या भांड्यांवर नाव घालतात ना, अगदी तशी. ‘ग’ आणि ‘वि’. कारखान्याचा ठसा पुस्तकांत सापडतो, पण हा सुतार कुठल्याच पुस्तकात नसणार. शुक्रवारी संध्याकाळी ती डब्यात टाकली, गावाहून फोन आला म्हणून निघालो आणि बुधवारी परतलो. पटाशी छान करडी झाली होती, धारही पुढे उत्तम लागली. ‘ग’ तिरप्या उजेडात कसाबसा दिसतो. ‘वि’ गेला. चूक माझीच, डब्याची नाही, हे कबूल. तरी माझ्यासारखा माणूस दर दोन-तीन तासांनी डब्यात डोकावत बसेल, याचीही खात्री देता येत नाही.

चार्जरचं तसं नाही. विसरलात तरी तो शाबूत लोखंड खात नाही. हत्यारासोबत बादलीत टाकाऊ लोखंडाचा एक तुकडा बुडवायचा आणि दोघांना चार्जरची एकेक तार जोडायची. फक्त तारा उलट जोडू नका: काळी हत्याराला, लाल टाकाऊ लोखंडाला. उलट झालं तर पटाशीच विरघळेल. टाकाऊ तुकडा साध्या लोखंडाचा घ्या, बांधकामाची सळीही चालते. स्टेनलेस स्टील अजिबात नको, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. मीठही नको, धुण्याचा सोडाच हवा, बादलीला दोन-तीन चमचे. बुडबुड्यांमध्ये हायड्रोजन असतो, म्हणून बादली उघड्यावर ठेवायची, आणि पाण्यात हात घालण्याआधी चार्जर बंद.

कटकटी यातही आहेत. हल्लीचे ‘हुशार’ चार्जर समोर बॅटरी दिसली नाही तर करंटच सोडत नाहीत, जुना जड ट्रान्सफॉर्मरवाला शोधावा लागतो. सळीकडे तोंड असलेली बाजू आधी साफ होते, म्हणून हत्यार फिरवत राहावं लागतं. रंध्याच्या बिडाच्या अंगावरचा काळा रंग सुटून येऊ शकतो, तेव्हा तो जपायचा असेल तर अख्खा रंधा बादलीत टाकू नये. हायड्रोजनमुळे कडक पोलाद ठिसूळ होतं अशीही भीती घालतात. माझ्या एकाही पात्याची धार अजून तुटलेली नाही, पण मी बाहेर काढल्यावर दोन दिवस वापरत नाही. शास्त्र कमी, समाधान जास्त.

पावसाळ्यात दोन्ही रीतींत एकच रडगाणं: पाण्यातून काढलेलं लोखंड पुसेपर्यंत तांबूस होतं. हेअर ड्रायर हाताशी ठेवा आणि वर शिवणयंत्राचं तेल. खोबरेल नको, ते खवट होतं.

एखाद-दुसरी पटाशी असेल, मूठभर स्क्रू असतील, तर चार्जर शोधत फिरण्यात अर्थ नाही. व्हिनेगर घ्या, मोबाइलवर गजर लावा. पेटीभर हत्यारं मिळाली असतील किंवा घरातल्याच कुणा सुतारकाम करणाऱ्याची असतील, तर मी चार्जरकडे झुकेन. डब्यात टाकण्याआधी मानेजवळ, पाठीवर, मुठीच्या टोकाला बोट फिरवून बघा. गंजाखाली ठिपके असतील तर बोटाला लागतात, डोळ्यांना दिसण्याआधी.