ट्रॉम्बोनवाल्यांना गायला लावणारा कोर्स: घ्यावा का?

ह्या ऑनलाइन कोर्सचा एकच हट्ट आहे, जे गाता येत नाही ते वाजवायचं नाही. ऐकायला कडक वाटतं पण ट्रॉम्बोनला हे जास्तच पटतं, सूर बदलायला पुढेमागे सरकवायची नळी म्हणजे स्लाइड, तिच्यावर पोझिशन्स (थांबायच्या जागा) सात पण खूण एकही नाही, सूर आधी कानात नसेल तर हात जाणार कुठे?

सगळ्यात भारी वाटला तो वरच्या जी (G) सुराचा धडा. नेहमीच्या बी फ्लॅट ट्रॉम्बोनवर हा सूर सातवा पार्शल, म्हणजे स्लाइड न हलवता फक्त ओठांनी काढता येणाऱ्या सुरांतला सातवा, आणि तो मुळातच 31 सेंटच्या (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) आसपास उतरलेला, म्हणून दुसऱ्या पोझिशनला स्लाइड जरा आत घ्यावी लागते, हे सगळे सांगतात, पण किती आत ते कोण सांगणार! इथे सी (C) सुराचा ड्रोन, म्हणजे तंबोऱ्यासारखा सतत वाजणारा सूर, लावून आधी जी गायचा, मग नुसत्या माउथपीसवर बझ करायचा (ओठ थरथरवून काढायचा), मग ट्रॉम्बोनवर. सूर बरोबर बसला की ड्रोनसोबतची थरथर थांबते, आणि ती थांबलेली स्वतःला ऐकू येते, ट्युनरकडे बघायची गरजच पडत नाही.

लेगाटोसाठी, म्हणजे सूर न तोडता जोडून वाजवण्यासाठी, बोर्डोन्यीचे व्होकलीज (शब्दांशिवाय गायचे सरावाचे तुकडे) घेतलेत. हा माणूस इटालियन टेनर, लिहिलं गायकांसाठी, 1928 मध्ये ट्रॉम्बोनवादक रोशूने ते ट्रॉम्बोनला आणले आणि तेव्हापासून आपण सगळे ते नुसता व्यायाम म्हणून उरकतो. इथे आधी ‘ला’वर गायचं, जिथे श्वास लागला तिथे पेन्सिलने खूण, मग मऊ ‘द’ने वाजवायचं, हवा सलग आणि स्लाइड शेवटच्या क्षणी पण झटकन. फ्रेजिंगमध्ये (सुरांची वाक्यं कुठे जोडायची, कुठे थांबायचं) खरंच फरक पडतो. तसं यात नवीन काही नाही म्हणा, अमेरिकेतल्या ईस्टमन संगीत शाळेचे ट्रॉम्बोन शिक्षक एमरी रेमिंग्टन शिकवताना विद्यार्थ्यांबरोबर गायचेच.

श्वासाचं मॉड्यूल मात्र फुसकं. गायकाचा ‘सपोर्ट’ (श्वासाला पोटाचा आधार) जसाच्या तसा उचललाय, पण गाताना हवेला अडवतात स्वरतंतू आणि इथे अडवतात ओठ, हवाही कितीतरी जास्त लागते, ते न सांगता नुसतं पोट आत घ्या म्हटलं की लोक गळाच आवळणार. बायकांनी एक ऑक्टेव्ह (सप्तक) वर गायलं तरी चालतं हेही कुठे सांगितलेलं नाही, सगळी डेमो पुरुषाच्या आवाजात. गात गात वाजवायचा मल्टिफॉनिक्सचा धडा गंमत म्हणून ठीक.

अगदी नवशिके असाल तर आधी पोझिशन्स बसवा, मग या. बँडमध्ये वाजवताय आणि सूर हलतोय हे सारखं ऐकावं लागतंय तर पहिली दोन मॉड्यूल्स नक्की करा. ड्रोनचे ट्रॅक डाउनलोड होत नाहीत, प्रॅक्टिसच्या जागी नेट आहे का ते आधी बघून घ्या.